थर्मोस्टॅट चुकीचं तापमान दाखवतोय? नवा आणायच्या आधी हे करून बघा

आम्ही न्यू जर्सीत टाउनहाउस घेतलं त्या पहिल्या हिवाळ्यात आई पुण्याहून आलेली होती. खालच्या हॉलमधला थर्मोस्टॅट (घराचं तापमान मोजून हीटिंग चालू-बंद करणारं भिंतीवरचं यंत्र) ६६ फॅरनहाइट दाखवत होता, सेट केलेला होता ७०, फर्नेस (घर गरम करणारी भट्टी) काही केल्या थांबत नव्हती आणि वरच्या बेडरूममध्ये आई म्हणत होती की अरे जरा पंखा लाव, गुदमरायला होतंय. जानेवारीत, बाहेर बर्फ पडलेला असताना. मी धरून चाललो की तापमान मोजणारा सेन्सर गेला, दुकानातून नवा स्मार्ट थर्मोस्टॅट आणला, दोन तास खपून बसवला, आणि तो नवासुद्धा ६६ च दाखवायला लागला.

म्हणजे जुना सेन्सर खोटं बोलतच नव्हता. थर्मोस्टॅटच्या मागे वायर यायला भिंतीत जे भोक पाडलेलं असतं त्यातून भिंतीच्या पोकळीतली गार हवा सरळ त्याच्या पाठीवर येत होती, आणि तो बिचारा त्या हवेचं तापमान इमानदारीत सांगत होता. तेव्हापासून ओळखीत कोणी नवीन घरात गेलं आणि फोन आला की "अरे आमचा थर्मोस्टॅट बिघडलाय" की मी हेच सगळं सांगत बसतो, म्हणून आता एकदा सलग लिहून टाकतो. हे सगळं अमेरिका-कॅनडातल्या घरांसाठी आहे, जिथे फर्नेस किंवा हीट पंप (एसीसारखंच यंत्र, पण घर गरमही करणारं) असतो आणि भिंतीवर एक थर्मोस्टॅट असतो. भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये असाल तर सेटिंग आणि थर्मामीटरवाले भाग करा, पण उघडाउघडी करू नका, मेंटेनन्सला फोन करा, ते त्यांचं काम आहे.

आधी एक सावधगिरी

थर्मोस्टॅट भिंतीवरून काढायची वेळ आली तर पहिलं काम म्हणजे फर्नेसचा आणि एसीचा ब्रेकर बंद. बहुतेक घरांत थर्मोस्टॅटला २४ व्होल्टच येतात, त्याने शॉक बसून काही होत नाही, पण लाल वायर (आर) चुकून सी वायरला (वीज परत नेणारी कॉमन वायर) टेकली तर फर्नेसच्या बोर्डवरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि मग सगळंच बंद पडतं आणि आपल्याला वाटतं थर्मोस्टॅटच गेला. फ्यूज स्वस्तात मिळतो पण रात्री अकरा वाजता मिळत नाही.

आणि जर तुमच्याकडे भिंतीच्या पायथ्याशी लांबट इलेक्ट्रिक हीटर असतील आणि थर्मोस्टॅटमागे दोन किंवा चार जाड वायरी टोप्या लावून जोडलेल्या दिसल्या, तर थांबा. ती १२० किंवा २४० व्होल्टची लाइन आहे, तिथे हात घालायचा नाही, इलेक्ट्रिशियन बोलवा.

पायरी १: खरंच सेन्सरची तक्रार आहे का ते बघा

यात निम्मे लोक सुटतात. "घर गार आहे" आणि "थर्मोस्टॅट चुकीचा आकडा दाखवतोय" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थर्मोस्टॅट ६५ दाखवतोय, सेट ७० आहे, आणि खोलीतपण खरोखर ६५ च आहे, तर सेन्सर एकदम ठणठणीत आहे, दुखणं पुढे कुठेतरी आहे. अशा वेळी सगळ्यात आधी फर्नेसचा फिल्टर बघा. एक इंचवाला फिल्टर एक ते तीन महिन्यांत बदलायचा असतो आणि नवीन माणसाला हे कोणी सांगतच नाही, मग तो धुळीने इतका तुंबतो की हवा जात नाही, फर्नेस आतून तापून स्वतःच बंद पडते आणि घर काही गरम होत नाही.

मग सेटिंग बघा. मोड हीटवर आहे की कूलवर, इको किंवा अवे (घरी कोणी नसताना वीज वाचवायचे मोड) लागलंय का, कोणी वेळापत्रक लावून ठेवलंय का (जुन्या मालकाचं वेळापत्रक तसंच असणं ही फार कॉमन गोष्ट आहे), आणि एकक फॅरनहाइट आहे ना. आपल्याकडून नवीन आलेल्यांसाठी, ६८ फॅरनहाइट म्हणजे २० सेल्सिअस, ७२ म्हणजे साधारण २२, आणि २ फॅरनहाइटचा फरक म्हणजे जेमतेम १ सेल्सिअस. हे शेवटचं लक्षात ठेवा कारण खूप जण "दोन डिग्रीचा फरक आहे" म्हणून घाबरतात आणि तो मुळात फरकच नसतो, घरगुती उपकरणांत एक-दोन फॅरनहाइट इकडे तिकडे चालतंच.

अजून एक, ज्यात भलेभले फसतात. तुमच्या घरात दुसऱ्या खोल्यांत ठेवायचे छोटे वायरलेस सेन्सर असतील तर भिंतीवरचा आकडा हा भिंतीजवळचा असेलच असं नाही. इकोबी आणि नेस्ट हे स्मार्ट थर्मोस्टॅटचे ब्रँड. इकोबीमध्ये जे जे सेन्सर त्या वेळी निवडलेले असतात त्यांची सरासरी दिसते, बऱ्याच नेस्टमध्ये त्या वेळेला जो एक सेन्सर निवडलाय त्याचं तापमान दिसतं. म्हणजे तुम्ही हॉलमध्ये उभे राहून म्हणताय की इथे ७२ आहे आणि हा ६७ का दाखवतोय, तर तो बेसमेंटमधल्या सेन्सरचं सांगत असतो. ॲपमध्ये जाऊन कुठल्या वेळेला कुठला सेन्सर चालू आहे ते आधी बघा.

पायरी २: भरवशाचा दुसरा थर्मामीटर

हाताला गार लागतंय, पायाला गार लागतंय, याने काही सिद्ध होत नाही. हिवाळ्यात हवा कोरडी असते, खिडकीची काच गार असते, त्यामुळे ७० ला पण हुडहुडी भरते. आकडा आकड्याशीच पडताळायचा.

साधा डिजिटल घरगुती थर्मामीटर चालेल, पण तो तरी बरोबर आहे कशावरून? त्यासाठी स्वयंपाकघरातला टोक असलेला प्रोब थर्मामीटर घ्या, एका ग्लासात बर्फ चुरून गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, ढवळा, दोन-तीन मिनिटं थांबा आणि टोक मधोमध धरा, तळाला किंवा काचेला टेकवू नका. ३२ फॅरनहाइट, म्हणजे ०, यायला पाहिजे. तो बरोबर निघाला की मग खोलीतला थर्मामीटर (तो पाण्यात बुडवायचा नाही!) त्याच्या शेजारी अर्धा तास ठेवून दोघांचे आकडे बघा.

आता हा खोलीतला थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या अगदी शेजारी, त्याच उंचीवर, दोऱ्याने लटकवा. भिंतीला चिकटवू नका, टेबलावर ठेवू नका, आणि हातात धरून तर अजिबात नाही, आपल्या हाताचीच ऊब त्यात जाते. निदान अर्धा तास तसाच राहू द्या.

पायरी ३: एक दिवस आकडे लिहा

मला विचाराल तर हीच पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि हीच कोणी करत नाही. एका कागदावर चार रकाने आखा: वेळ, थर्मोस्टॅटचा आकडा, लटकवलेल्याचा आकडा, आणि त्या वेळी घरात काय चालू होतं (फर्नेस चालू की बंद, ऊन, वारा, स्वयंपाक). सकाळी उठल्यावर, दुपारी, संध्याकाळी, झोपताना, आणि मध्ये जमेल तेव्हा. फरक किती आहे यापेक्षा तो कसा बदलतो त्यावरून रोग कळतो.

फरक दिवसभर सारखाच, म्हणजे सकाळीही ३ कमी, रात्रीही ३ कमी, तर ही सरळ कॅलिब्रेशनची (सेटिंगमधून आकडा जुळवून घ्यायची) गोष्ट आहे, पायरी ६ ला जा.

फरक ठरावीक वेळेला येतो आणि जातो, तर सेन्सरवर बाहेरून काहीतरी परिणाम होतोय. दुपारी तीन ते पाच जास्त दाखवत असेल तर ऊन, तिरकं ऊन हिवाळ्यात खोलीत खूप आतपर्यंत येतं आणि उन्हाळ्यात तपासलं तेव्हा तिथे पोचतही नव्हतं असं होतं. फर्नेस सुरू झाली की दोन मिनिटांत झपकन चढत असेल तर गरम हवेचा व्हेंट त्याच्यावर फुंकतोय किंवा भिंतीतून गरम पाइप जातोय. संध्याकाळी सात वाजता जास्त दाखवत असेल तर भिंतीच्या पलीकडे बघा, बऱ्याच घरांत तिकडे स्टोव्ह असतो आणि आपल्याकडे रोज फोडणी, पोळ्या, कुकर असं तासभर चालतं. टीव्ही, लॅम्प, राउटर खाली ठेवलेला असला तरी तेच.

आमच्या ओळखीतल्या एका घरी गणपतीत हे झालं. सप्टेंबर, एसीचेच दिवस, हॉलमधल्या त्याच भिंतीला मखर केलेलं, थर्मोस्टॅट बरोबर त्याच्या वर, खाली समई आणि लाइटच्या माळा. थर्मोस्टॅटला वाटतंय ७९, एसी दिवसभर घरघरतोय, आणि बाकी घरात पाहुणे शाली पांघरून बसलेत. ते कंपनीला फोन करणार होते. मखर समोरच्या भिंतीला हलवता येत नव्हतं म्हणून त्यांनी दहा दिवसांपुरता बेडरूममधला वायरलेस सेन्सर निवडला आणि काम झालं.

वारा सुटला किंवा कडाक्याची थंडी पडली की आकडा कमी होतो, तर भिंतीतलं भोक, आमच्यासारखं, पायरी ५.

आणि आकडा उड्या मारतो, मिनिटात ६८ वरून ५४, परत ७१, किंवा नुसत्या रेघा दिसतात, किंवा कोणत्याच खोलीत शक्य नाही असा आकडा दिसतो, तर मात्र सेन्सर, त्याची वायर किंवा बॅटरी. इथे खरा बिघाड असायची शक्यता आहे.

पायरी ४: सोप्या दुरुस्त्या आधी

धूळ. थर्मोस्टॅटच्या कडेला किंवा खाली बारीक फटी असतात, हवा तिथून आत सेन्सरपर्यंत जाते. मऊ ब्रश फिरवा किंवा दाबलेल्या हवेचा स्प्रे डबा लांबून मारा. ओलं फडकं, क्लीनर काही नको. नुकतंच घराला रंग दिलाय का तेही बघा, रंगारी कधीकधी कडेवर रंग मारून फटी बुजवून ठेवतात.

रीस्टार्ट. ॲपमधून किंवा सेटिंगमधून रीस्टार्ट करा (फॅक्टरी रीसेट नाही, त्याने सगळी सेटिंग जातात), आणि तासभर थांबा. हे थांबणं खरंच गरजेचं आहे, कारण स्मार्ट थर्मोस्टॅटच्या आत स्क्रीन आणि वायफाय असतं, ते स्वतः थोडं तापतं, आणि आतला प्रोग्रॅम ती ऊब वजा करून आकडा दाखवतो, चालू केल्या केल्या तो हिशोब बसलेला नसतो. आणि आपण हातात धरलेलं असतं त्याची गर्मी वेगळीच.

वीज. स्मार्ट थर्मोस्टॅटला सतत थोडी वीज लागते आणि ती सी वायरमधून येते. जुन्या घरांत ही वायर नसते किंवा भिंतीत असूनही जोडलेली नसते, मग आतली बॅटरी उतरते आणि वायफाय तुटणं, स्क्रीन बंद पडणं, विचित्र वागणं सुरू होतं. नेस्टमध्ये सेटिंगमधल्या टेक्निकल माहितीत बॅटरीचे व्होल्ट दिसतात, ३.६ च्या खाली असतील तर आधी चार्जिंगचा प्रश्न सोडवा, सेन्सरचं नंतर. साध्या सेलवर चालणारा असेल तर सगळे सेल एकदम नवे घाला, दोन जुने दोन नवे असं करू नका.

वायरलेस सेन्सर असेल तर त्याचा सेल बदला. नेस्टच्या जुन्या सेन्सरला सीआर२ लागतो, इकोबीच्या जुन्या सेन्सरला सीआर२०३२ आणि नंतरच्याला सीआर२४७७, हे दोन्ही बटण सेल दिसायला सारखे पण आकार आणि जाडी वेगळी, उघडून बघूनच आणा. घरात लहान मूल असेल तर जुना बटण सेल लगेच टेप लावून उंच ठेवा, मुलाने गिळला तर तासा-दोन तासांत अन्ननलिका भाजते. आणि सेन्सर खिडकीच्या कट्ट्यावर, टीव्हीमागे किंवा गरम व्हेंटच्या वर ठेवला असेल तर तो काय दाखवणार, आतल्या भिंतीला छातीच्या उंचीला ठेवा.

पायरी ५: भिंतीतलं भोक

ब्रेकर बंद केलात ना? थर्मोस्टॅटचा पुढचा भाग हलकेच ओढून काढा, बहुतेकांचा तसाच निघतो. मागची प्लेट दिसेल, मधोमध वायरींचं भोक. आता मोबाइलने फोटो काढा, जवळून, कुठली वायर कुठल्या अक्षराला आहे ते वाचता येईल असा. रंगांवर विसंबू नका, साधारणपणे लाल आर, पांढरी डब्ल्यू म्हणजे हीट, पिवळी वाय म्हणजे एसी, हिरवी जी म्हणजे पंखा, निळी सी, पण बसवणाऱ्याने हाताला येईल ती वायर लावलेली असू शकते.

त्या भोकासमोर एक टिश्यू पेपरची पट्टी धरा. हलली तर हवा येतेय. ज्या दिवशी वारा असेल त्या दिवशी बघा, शांत दिवशी कळत नाही. बुजवायला थोडी फायबरग्लासची लोकर (हातमोजे घालून) किंवा हार्डवेअरच्या दुकानात प्लंबर पुटी मिळते ती वायरीभोवती दाबून बसवा. फुगणारा फोम मारू नका, पुढे वायर ओढायची वेळ आली तर भिंत फोडावी लागते. आमच्याकडे चार डॉलरच्या पुटीने ६६ चे ६९ झाले, त्याच संध्याकाळी.

प्लेट काढलेलीच आहे तर वायरी हलक्या ओढून बघा, सैल असेल ती परत घट्ट बसवा.

जागाच चुकीची असेल, म्हणजे बाहेरच्या भिंतीवर, दारासमोर, व्हेंटसमोर, तर खरा उपाय जागा बदलणं हाच आहे, आतल्या भिंतीवर जमिनीपासून पाचेक फुटांवर. ते खर्चाचं काम, त्यापेक्षा एखादा वायरलेस सेन्सर घेऊन चांगल्या जागी ठेवणं स्वस्त पडतं. व्हेंटवर हवा वळवायची प्लास्टिकची पट्टी मिळते, तीही लावून बघा.

पायरी ६: कॅलिब्रेशन

हे शेवटीच करायचं. ऊन, भोक, धूळ हे सगळं निपटल्यावरही फरक दिवसभर सारखाच राहिला तरच. इकोबीत इन्स्टॉलेशन सेटिंगमध्ये थ्रेशोल्डखाली टेंपरेचर करेक्शन असतं, बऱ्याच हनीवेल थर्मोस्टॅटमध्येही ऑफसेट नावाने मिळतं, काही मॉडेलमध्ये सोयच नसते. थर्मोस्टॅट २ कमी दाखवत असेल तर अधिक २ द्यायचं, जास्त दाखवत असेल तर वजा. एक तास थांबून परत थर्मामीटरशी ताडून बघा. उन्हामुळे दुपारी जास्त दाखवतोय म्हणून वजा ४ करून ठेवलंत तर रात्री तो ४ ने कमी दाखवेल आणि फर्नेस रात्रभर जळेल, हा प्रकार मी दोन घरांत बघितलाय. बिल आल्यावर कळतं. आणि पाच-सहा डिग्रीची दुरुस्ती लागत असेल तर ती देऊ नका, सेन्सर खरंच गेलेला आहे.

पायरी ७: वायरने जोडलेला वेगळा सेन्सर असेल तर

काही घरांत थर्मोस्टॅट एकीकडे आणि सेन्सर दुसऱ्या खोलीत भिंतीवर, दोघांमध्ये दोन बारीक वायरी, असं असतं. आत थर्मिस्टर असतो, तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. बहुतेक १० हजार ओमचे असतात, म्हणजे ७७ फॅरनहाइटला (२५ सेल्सिअस) १० हजार, २० सेल्सिअसला साडेबारा हजारांच्या आसपास, बर्फाच्या तापमानाला तीस हजारांच्या आगेमागे. ब्रेकर बंद करून दोन्ही वायरी सोडवा, मल्टीमीटर ओमवर लावून मोजा. हातमोजा न घालता सेन्सर दोन बोटांत धरा, आकडा हळूहळू खाली यायला पाहिजे. मीटरवर अनंत दिसलं तर कुठेतरी वायर तुटलीय, आणि अशा वेळी थर्मोस्टॅटला वाटतं भयंकर थंडी आहे. शून्याजवळ दिसलं तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात, आणि त्याला वाटतं आग लागलीय. सेन्सरपाशी आकडा बरोबर आणि थर्मोस्टॅटपाशी चुकीचा, तर दोष मधल्या वायरीत.

सेन्सर गेलाच असेल तर तोवर काय

जास्त तापमान दाखवून फर्नेस सुरूच होत नसेल आणि बाहेर शून्य सेल्सिअसखाली (३२ फॅरनहाइटखाली) असेल तर हे उद्यावर टाकायचं काम नाही, पाइप गोठून फुटतात. सिंकखालच्या कपाटांची दारं उघडी ठेवा, बाहेरच्या भिंतीकडच्या नळांना बारीक धार सोडा आणि तातडीच्या सर्व्हिसला फोन करा. गॅसचा ओव्हन उघडा ठेवून घर गरम करायचं डोक्यातही आणू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस झोपेत जातो. उलट कमी दाखवून फर्नेस थांबतच नसेल तर मोड ऑफ करा आणि दर तासाला हाताने चालू-बंद करत रात्र काढा.

कंपनीला फोन करताना तो कागद जवळ ठेवा. "चार दिवस सतत ७ डिग्री कमी, भोक बुजवलंय, सेल नवे, रीस्टार्ट झालाय" असं सांगितलं की ते पहिले वीस मिनिटांचे प्रश्न गाळतात आणि वॉरंटीत असेल तर सरळ बदलून द्यायच्या गोष्टीवर येतात. खरेदीची पावती ईमेलमध्ये शोधून ठेवा.

आणि नवा आला की बसवायच्या आधी भोक बुजवा, वायरींचा फोटो समोर ठेवा, आणि लटकवलेला थर्मामीटर अजून दोन दिवस तसाच लटकू द्या. भिंतीवरून जुना भोपळ्यासारखा गोल थर्मोस्टॅट निघाला आणि आत काचेच्या नळीत चकाकणारा थेंब दिसला तर तो पारा आहे, कचऱ्यात टाकू नका, काउंटीच्या घातक कचरा केंद्रात नेऊन द्या.